इमामबीची पोती

पाटाला उन्हाळी पाणी सुटलं आणि आठवडा उलटायच्या आत अल्लाबक्षची कबर तिसऱ्यांदा बसली. बसली म्हणजे काय, चांगली गुडघाभर खाली गेली. उशाच्या अंगाला खड्डा, खड्ड्यात गढूळ पाणी आणि पाण्यावर उसाचं वाळकं पाचट. मेलेल्या माणसाला कसली आलीय लाज, पण जित्याला येते ना! त्याचा पोरगा फैयाज घमेलं-फावडं घेऊन कबरस्तानाच्या बांधावर आला तेव्हा त्याला मान वर करवत नव्हती.

निरोप आसारामनं दिला होता. त्याचा ऊस कबरस्तानाला लागून. माणूस मनाचा चांगला, अडीनडीला धावणारा, पण जिभेला हाड नाही.

"ये बाबा," बांधावर उकिडवा बसून तो म्हणाला, "तुझ्या बापाला परत पानी लागलं. जित्तेपनी कुनाला घोटभर पानी मागायचा न्हाई त्यो, आन् आता बघ."

फाटकाजवळ मुरमाचा ढीग होता, तिथून फैयाज घमेली भरून आणायला लागला. वय पन्नाशीला टेकलेलं, त्यात आयुष्य पोत्यांची ओझी वाहण्यात गेलेलं. चौथ्या-पाचव्या घमेल्याला कंबरेत अशी चमक भरली की तो तसाच वाकून उभा राहिला. आसारामला राहवलं नाही. शिव्या घालत उठला आणि फावडं हातात घेतलं.

"मी म्हनतो, आतून चार इटा लावून टाकायच्या व्हत्या तवाच. सिमेंटात. कटकट गेली."

"भाजलेली वीट आत लावत न्हाई आमच्यात. आगीतून निघाल्याली वस्तू कबरीत नगं म्हनत्यात."

"आन् प्लास्टिकची पोती चालत्यात?"

"मौलानाला इचारलं हुतं. म्हनला, जिथं जमीन धरत न्हाई तिथं आडोसा करा, पर माती-वाळूचा करा. पोत्याला हरकत न्हाई."

"मग तुझी पोती का धरना?"

हाच तर प्रश्न होता, आणि वस्तीतल्या प्रत्येकाचा तो फैयाजला एकदा तरी विचारून झाला होता. बेलापूरच्या अलीकडची ही वस्ती सगळी पाटाच्या खालच्या अंगाला. वरून पाणी झिरपून झिरपून काळी माती चोपण झालेली. ऊस येतो, पण खड्डा खणला की त्याची भिंत उभी राहत नाही. अल्लाबक्ष गेला तो तीन-चार वर्षांमागं, भर पावसात. माणसं खणत होती आणि माती गदागदा आत येत होती. तेव्हा फैयाजनंच डोकं चालवलं. घरचा धंदा बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा. व्यापाऱ्यांकडून पोती आणायची, झटकायची, निवडायची, शिवायची आणि कांदेवाल्यांना विकायची. त्यानं साखरेची कोरी करकरीत पोती काढली, वाळूनं भरली आणि कबरीच्या दोन्ही अंगाला त्यांची थप्पी लावली. मधल्या चरात बापाला ठेवलं, वर फरश्या टाकल्या त्या थप्प्यांच्या आधारानं. सगळे म्हणाले, वा, पोरानं नाव काढलं.

वर्ष नाही गेलं तोच कबर बसली. आधार गेला, फरश्या घसरल्या असणार. मग तीच माणसं म्हणायला लागली, पोत्याच्या धंद्यातला माणूस आणि बापाला सडकी पोती घातली. दिव्याखाली अंधार! फैयाजनं शपथा घेतल्या की पोती कोरी होती, स्वतः हातानं ओढून बघितलेली. कोण ऐकतंय? आणि कबर काही उकरून बघता येत नाही.

घरी इमामबी, त्याची आई, बाजेवर पडून होती. गुडघे गेलेले, दमा, त्यात उन्हाळा. पण कान तीक्ष्ण. घमेलं दारात ठेवल्याचा आवाज झाला तशी तिनं विचारलं.

"बसली ना परत?"

"थोडी."

"थोडी म्हंजी?"

"भरून आलो ना, अम्मा. झालं आता."

"झालं काय झालं? तीनदा भरली. बरसात आली की चौथ्यांदा भरशील." ती कुशीवर वळली. वळायलाही तिला बाजेची दोरी धरून ओढावं लागायचं. "फैयाज, ऐक. मला तिथं न्हाई ठेवायचं."

"काय बोलती अम्मा?"

"खरं तेच बोलती. मला माझ्या माहेरी न्या. राहुरीकडं आमच्या गावाला मुरूम हाय. तिथं मानूस ठेवला तसा ऱ्हातो. मी जित्ती हाय तवरच जाते, म्हंजी मागनं तुमाला गाडी करायला नगं."

चुलीपाशी आलिया, फैयाजची बायको, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. सासूनं नवऱ्याशेजारची जागा सोडून म्हातारपणी माहेरी जायचं, असं कुणाच्या ऐकण्यात तरी होतं का? वस्ती काय म्हणेल? त्याहून वाईट म्हणजे अल्लाबक्षनं शेवटच्या दुखण्यात पोराचा हात धरून एकच मागणं मागितलं होतं, तुझ्या अम्माला माझ्या बाजूला ठेव. फैयाजनं मान हलवली होती. आता ती मान त्याला जड झाली.

"अब्बा काय म्हनले हुते, तुला ठावं हाय ना?"

"ठावं हाय. मीच पाय दाबत बसली हुती तवा." म्हातारीनं डोळे मिटले. "त्याला पान्यात बघून माझा जीव तुटतो रे. पर मला भ्या वाटतं. मला पान्यात घालू नगंस."

फैयाज बाहेर येऊन पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहिला.

पाच-सहा दिवसांनी त्याच्या मनानं एक घेतलं. कबर उकरता येत नाही ना, मग तसाच खड्डा दुसरीकडं करू. आसारामच्या बांधाचा कोपरा कबरस्तानाला चिकटून, तीच माती, तोच पाझर. आसाराम आधी हसला.

"म्हंजी पोत्यांची मयत करायची म्हन की."

"हसा. पर कोपरा द्या."

"घे रे. तसंबी तिथं ऊस पिवळाच पडतो."

मग फैयाज पोती निवडायला बसला. एरवी कांद्यासाठी निवडायची म्हणजे त्याचा हात आपोआप चालायचा. कोरं इकडं, डागी तिकडं, फाटकं ठिगळाला. पण जमिनीखाली वर्षानुवर्षं राहायचं म्हणजे वेगळा हिशेब. गोणपाट हाताला मजबूत, कांद्याला हवा देतं, पण ओल लागली की त्याचा भरवसा नाही. प्लास्टिकच्या पोत्याला पाणी काही करत नाही, त्याला ऊन खातं. पत्र्यावर एक उन्हाळा पडलेलं पोतं बोट घातलं की फाटतं. म्हणून त्यानं गठ्ठ्याच्या पोटातली, ऊन न बघितलेली, साखरेची पोती घेतली. बरोबर ताडून बघायला एक गोणपाट, एक सिमेंटचं आणि खतवाल्याच्या दारात पडून असलेलं एक खताचं. आसारामच्या घरबांधणीतली उरलेली वाळू भरली. आलियानं दाभणात सुतळी ओवून तोंडं शिवली आणि दोघांनी मिळून ती खड्ड्यात रचली.

रचताना आलिया म्हणाली, "अन् ही बी सडली तर?"

"सडली तर अम्मा म्हनते ते खरं."

त्यानं आईला गळ घातली, दिवाळीपर्यंत थांब. पावसाळा त्या पोत्यांवरून जाऊ दे. पोती टिकली तर तू इथंच राहायचं, नाही टिकली तर मी स्वतः तुला राहुरीला पोचवतो.

"दिवाळीपातूर," म्हातारी म्हणाली. "तवर मी टिकले तर."

यंदाचा पाऊस म्हणजे नुसता वैताग. गणपती गेले, नवरात्र आलं, तरी आभाळ फाटलेलं. कांद्याची रोपं वाफ्यात सडली, शेतकऱ्याला पोतं लागेना, फैयाजच्या गठ्ठ्यांना कुबट वास सुटला. रोज पोती उलटी-पालटी करायची, झटकायची, दोरीवर टाकायची, आणि सर आली की परत आत ओढायची. बारदानाची धूळ घशात, ओल हाडात. संध्याकाळी आलिया त्याची कंबर तेल लावून चोळायची, आणि चोळता चोळता तिचेच डोळे मिटायचे. तिकडं बाजेवर इमामबीचा दमा भात्यासारखा वाजायचा. सगळं घर कसं दमून गेलं होतं.

अशात एक दिवस रिझवान आला. इमामबीच्या भावाचा पोरगा, राहुरीकडचा, स्वतःचा टेम्पो असलेला. फुप्पीनं, म्हणजे आत्यानं, त्याला फोन करवून बोलावलं होतं. तो चहा पीत ऐसपैस बसला.

"फुप्पी, फिकीर नको करू. आपल्याकडं कुदळ मारली तर ठिनगी उडती. आमचे दादा, म्हंजी तुझे अब्बा, तीस वरसांपूर्वी ठेवलेले, आजून जागा सपाट. तिथं असली पोतीबिती लागत न्हाईत."

पोतीबिती! फैयाज दारातच सुतळीचा गुंडा करत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याच घरात, आपल्याच कपातला चहा पिऊन हा आपल्या बापाच्या कबरीवर बोलतो, आणि आपण तोंड उघडू शकत नाही, कारण तो खरं बोलतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यानं गुंडा खाली ठेवला आणि रिझवानला अजून बिस्किटं हवीत का विचारलं.

दिवाळी झाली. चार दिवस ऊन पडलं, पाट बंद होता, माती जरा फावड्याला यायला लागली. आणि रिझवानचा फोन आला, उद्या टेम्पो घेऊन येतो, फुप्पीची तयारी ठेवा. म्हातारीनं आलियाकडून गाठोडं बांधून घेतलं. दोन लुगडी, तसबीची माळ, औषधं आणि कफनाचं कापड. ते गाठोडं दारामागं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आसारामच्या बांधावर गेला. आसाराम आधीच फावडं घेऊन हजर. न बोलवता आला होता, म्हणजे त्यालाही ओढ लागलेली.

वरची माती काढली. पहिलं हाताला लागलं गोणपाट, म्हणजे जे काय उरलं होतं ते. काळा लगदा नुसता, शेणासारखा. सिमेंटच्या पोत्यातला कागद गळून गेलेला. खताचं पोतं एका अंगानं विरलेलं, तेच, उन्हात पडून राहिलेलं. मग फैयाजनं साखरेच्या पोत्यावरची माती हातानं सारली.

पोतं जसंच्या तसं! त्यावरची निळी अक्षरं वाचता येत होती. त्यानं दोन्ही मुठींनी ओढून बघितलं, नखानं टोकरलं, दातात धरलं. एक धागा तुटला नाही. दुसरं तसंच. तिसरं तसंच.

"आयला!" आसाराम ओरडला. "पोतं तर खनखनीत हाय की रं!"

फैयाजला रडायलाच आलं. इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतलं, पण पोती सडकी नव्हती, नव्हती, नव्हती! त्यानं पोतं उचललं, आणि ते हलकं लागलं. फार हलकं. पोट आत गेलेलं. त्यानं उलटं करून बघितलं, तर तोंड आ वासलेलं. वाळू तिथून पाण्याबरोबर केव्हाच निघून गेली होती. काठाला सुतळीचा एक तुकडा राहिला होता. त्यानं बोटात धरला, तर भिजलेल्या तंबाखूसारखा चुरा झाला.

सुतळी म्हणजे तरी काय, गोणपाटाचीच जात. तीन पिढ्या या घरानं पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं. पोतं निवडताना हजारदा विचार केला, सुतळीचा विचार कुणी करायचा? पाण्याचा करतं का कुणी, श्वासाचा करतं का?

"म्हंजी बापाच्या येळंलाबी ह्येच झालं," आसाराम हळू बोलला. त्याला हळू बोलता येतं हे फैयाजला त्या दिवशी कळलं. "तवा शिवली कुनी व्हती?"

फैयाजला तो दिवस आठवला. वाळू दारात होती, पोती दारातच भरली होती, पाऊस पडत होता. आत अब्बाची मयत, आणि बाहेर पत्र्याखाली अम्मा मांडी घालून बसलेली, हातात दाभण. बायका म्हणत होत्या, तुम्ही नका, तुम्ही आत बसा. तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं. एवढं तरी मला करू द्या, म्हणाली होती. एकूण एक पोतं तिनं शिवलं होतं.

तो तसाच खड्ड्याच्या काठावर बसला. आईला काय सांगायचं? पोती टिकली म्हणावं, तर ती विचारणार, मग कबर का बसली. खरं सांगावं, तर या वयात तिच्या छातीवर हा धोंडा ठेवायचा, की बाई, तुझ्याच टाक्यानं नवऱ्याला पाण्यात घातलं. आणि खोटं सांगावं, तर टेम्पो दारात उभा असणार. बापाला दिलेला शब्द गेला, आई गेली, आणि पोती सडकी होती हा डाग जन्मभर आपल्या कपाळी. बसल्या बसल्या त्याचं ठरलं. डाग तर डाग. तो पोतं तिथंच टाकून घरी निघाला.

टेम्पो आलेलाच होता. रिझवान गाठोडं मागं ठेवत होता. इमामबीला आलियानं उठवून भिंतीला टेकवून बसवलं होतं, डोक्यावरून पदर घेतलेली.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"न्हाई टिकली अम्मा." त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं. "पोतीच खराब हुती. माझीच चूक. तू जा."

आलियानं चमकून त्याच्याकडं बघितलं. नवरा खोटं बोलताना उजव्या पायाचा अंगठा घासतो, हे तिला ठाऊक होतं. इमामबी नुसतीच मान हलवत राहिली. जायला मिळालं तर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिचा चेहरा अजून उतरला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आरं, ह्ये राह्यलं की तुझं!" आसाराम! खांद्यावर ते पोतं, चिखलानं माखलेला. "मावशी, बघा तरी! पाच म्हयनं पान्यात, आन् पोतं कसं कोरं! लोकं उगंच नावं ठेवत व्हती पोराला. तेवढी तोंडाची सुतळी…"

फैयाजनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं वाक्य घशातच अडकलं. पण बोलून गेलेलं कुठं परत येतं? आसाराम पोतं खाली ठेवून टोपी काढून उभा राहिला.

"इकडं आन," इमामबी म्हणाली.

आलियानं पोतं तिच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, पण बोटांना दिसत होतं. तिनं कापड चोळलं. शिवण तपासली. मग बोटं सरकत सरकत तोंडाच्या काठावर आली, टाक्यांची भोकं एकेक चाचपत गेली, आणि सुतळीच्या चुऱ्यावर थांबली.

"सुतळी," ती म्हणाली.

"अम्मा, समदेच सुतळीनं शिवत्यात. अब्बाबी तेच करायचे. त्यात तुझं काय…"

"कांदा दोन-चार म्हयन्यांत बाजाराला जातो रे," इमामबी म्हणाली. "त्याला सुतळी पुरती. तुझ्या बापाला कुठं जायचं हुतं?"

आणि ती रडायला लागली. नवरा गेला त्या दिवशी पोती शिवत बसली होती, तेव्हा रडायचं राहून गेलेलं, ते आता आलं. दम लागला, खोकला आला, तरी थांबेना. आलियानं तिला कवेत धरलं. रिझवान बावचळून पाण्याचा तांब्या शोधत होता. फैयाज आईच्या पायाशी बसला, आणि त्यालाही आवरेना. आसाराम दाराच्या चौकटीकडं तोंड करून उभा होता, नाक ओढत.

बऱ्याच वेळानं इमामबीनं पदरानं तोंड पुसलं.

"रिझवान, तू जेवून जा. गाठोडं खाली उतरव."

"पर फुप्पी, तिथं पानी हाय…"

"असू दे पानी. मी त्याला पान्यात घातलं आन् मीच त्याला टाकून मुरमात जाऊन झोपू व्हय? कुठल्या तोंडानं?" तिचा आवाज परत घरच्या मालकिणीचा झाला होता. "आलिया, नायलॉनचा दोरा हाय का घरात?"

"हाय ना. ताडपत्रीचा."

"आन. दाभन आन. फैयाज, ह्ये पोतं धू आन् वाळू भर. पाऊन भरायचं, गच्च न्हाई."

"अम्मा, कशाला आत्ता… मी शिवतो की."

"माझी मी शिवनार."

आसाराम पुटपुटला, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हातारीचा," आणि स्वतःच फावडं घेऊन वाळूकडं गेला.

पोतं भरून तिच्यासमोर आणलं. फैयाजनं तोंड दुमडून धरलं आणि ती शिवायला लागली. दाभण दोनदा तिच्याच बोटात गेलं. आलिया पुढं झाली, तर तिला तिनं कोपरानं मागं सारलं. एक टाका, त्यावर गाठ, मग दुसरा टाका. मध्ये मध्ये ती थांबून श्वास घ्यायची आणि तोवर सगळं घर थांबायचं. शेवटची गाठ मारली आणि दोरा तिनं दातानं तोडायला घेतला. दात कुठं होते? आलियानं विळीवर कापून दिला.

"आता ओढ," ती फैयाजला म्हणाली.

त्यानं पोत्याचं तोंड धरून ओढल्यासारखं केलं. आपल्या आईच्या कबरीत, तिच्या अंगाशी लागायचं पोतं, त्याच्यावर त्याचा हात जोर करीना.

"ह्याला ओढनं म्हनत्यात? जोर न्हाई का अंगात?" म्हातारी कावली. "त्याच्या येळंला टाका कुनी ओढून बघितला न्हाई. ओढ!"

फैयाजनं दोन्ही पाय रोवले आणि दोन्ही हातांनी, होती नव्हती ती ताकद लावून, डोळ्यांतून पाणी गळत असताना पोतं ओढलं. टाका जागचा हलला नाही.

इमामबीनं त्यावरून एकदा बोट फिरवलं.

"दुसरं आन," ती म्हणाली.